जुन्या गाडीचा अल्टरनेटर: नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. हल्ली गॅरेजात कमी आणि लोकांसोबत सेकंडहँड गाड्या बघत जास्त फिरतो. एमएच ३१, ४९, ४०, सगळ्या पाट्यांची बॉनेटं उघडून झाली. फोनवर येणारे प्रश्न मात्र फिरून फिरून तिथेच येतात: बॅटरी गेली की डायनॅमो गेला? तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. अल्टरनेटर नेमका काय करतो? मेकॅनिक ‘डायनॅमो’ म्हणतो तो हाच का?

हाच. जुन्या अ‍ॅम्बॅसडर-फियाटच्या काळात खरोखर डायनॅमो असायचा. यंत्र बदललं, शब्द गॅरेजात राहिला. बॅटरी म्हणजे छतावरची टाकी आणि अल्टरनेटर म्हणजे ती भरणारी मोटर, असं समजा. सेल्फ मारताना एकटी बॅटरी राबते. इंजिन लागलं की हेडलाइट, ब्लोअर, पेट्रोलचा पंप, इंजिनचा कॉम्प्युटर या सगळ्यांची वीज अल्टरनेटर देतो आणि वरची उरलेली बॅटरीत भरतो. तो बेल्टवर फिरतो. आत फिरणारा रोटर, भोवती स्टेटरची कॉइल, एसीचं डीसी करणारी डायोड प्लेट, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर (जुने मिस्त्री याला कटआउट म्हणतात), रोटरला करंट पोचवणारे दोन कार्बन आणि दोन बेअरिंग. जे काही बिघडतं ते यातलंच.

२. गाडी सकाळी सेल्फच घेऊन नाही राहिली. बॅटरी गेली की अल्टरनेटर? घरी कसं कळेल?

काही शे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर घ्या. डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. तीन वेळा आकडा घ्यायचा आणि कागदावर लिहायचा. लोक लिहीत नाहीत, मग फोनवर मला ‘तेरा की चौदा काहीतरी होतं’ असं सांगतात. त्या एका व्होल्टमध्येच सगळं आहे.

पहिला आकडा गाडी रात्रभर उभी असताना, चावी लावण्याआधी. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हा आकडा खोटा फुगलेला येतो. मग हेडलाइट एक-दोन मिनिटं लावून बंद करा आणि थोडं थांबून मोजा.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. घरच्या कुणाला चावी फिरवायला सांगा. आकडा क्षणभर पडणारच, पण ९.६ च्या खाली जायला नको. आधी १२.६ होता आणि सेल्फला ८ वर कोसळला, तर बॅटरी आतून मेलेली आहे. तिला कितीही चार्ज करा.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर भरतोय. आता हेडलाइट, ब्लोअर पूर्ण आणि मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा. कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबून साधारण २००० आरपीएम धरायला सांगा. तरी १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे. आयडलवर सगळं लावून १३ पर्यंत उतरला तर घाबरायचं कारण नाही. पण इंजिन चालू असूनही १२.५, मग १२.४, मग १२.३ असा पायऱ्या उतरत चालला, तर बॅटरीला मोटर भरत नाही, टाकी नुसती रिकामी होते आहे.

हे आकडे साध्या गाड्यांसाठी. तुमच्या गाडीवर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलं असेल तर प्रश्न १५ आधी वाचा.

३. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागत नाही. म्हणजे अल्टरनेटर ठीक आहे ना?

तेवढ्यावरून ठरत नाही. चावी ऑन केल्यावर, इंजिन लागण्याआधी, तो दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन लागल्यावर विझला पाहिजे. ऑनवरही लागत नसेल तर बल्ब उडालाय, वायर तुटलीय, किंवा कुणीतरी मुद्दाम काढलाय. बऱ्याच जुन्या मॉडेलांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. त्यामुळे बल्ब उडाला की चांगला अल्टरनेटरही जागा होत नाही. अशा वेळी किरकोळ किमतीच्या बल्बऐवजी लोक हजारो रुपयांचा अल्टरनेटर बदलून बसतात.

शिवाय दिवा उशिरा बोलतो. अल्टरनेटर अर्धवट भरत असेल, समजा १३ व्होल्ट, तर अनेक गाड्यांत दिवा गप्पच राहतो. रात्री अंधारात तो अगदी मिणमिणता दिसत असेल, तर डायोड प्लेटवर संशय घ्या.

४. दिव्याशिवाय आणखी कशावरून ओळखू येतं?

हेडलाइट सिग्नलवर मंद आणि गाडी पळाली की उजळ. काचा चढायला वेळ. गाणं लावल्यावर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी बारीक शिटी, ही डायोडची खूण. सकाळी सुरू करताच किंवा एसी लावताच चिर्रर्र आवाज, हा बेल्ट सैल किंवा गुळगुळीत झाल्याचा. सतत घरघर, जात्यासारखी, ही बेअरिंगची. इंजिन बंद करून बेल्ट उतरवा आणि पुली हाताने फिरवा. खरखर लागली किंवा पुली डुगडुगली की बेअरिंग संपलं. चालू इंजिनजवळ कान नेताना ओढणी, दुपट्टा, गळ्यातला गमछा आधी काढून ठेवा.

नव्या गाड्यांत आणखी एक गंमत होते. व्होल्टेज पडलं की एबीएस, पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग असे चार-पाच दिवे एकदम लागतात आणि माणसाला वाटतं सगळी गाडीच गेली. चारही बिघाड एकाच मिनिटात येत नसतात. आधी व्होल्ट मोजा.

५. मेकॅनिकनं चालू गाडीत बॅटरीची वायर काढली. गाडी बंद पडली नाही, म्हणून म्हणाला डायनॅमो ओके. बरोबर का?

चूक, आणि महाग चूक. डायनॅमोच्या जमान्यात हे चालून गेलं, कारण तेव्हा गाडीत जळण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही नव्हतंच. चालत्या अल्टरनेटरवरून बॅटरी अचानक काढली की व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं. त्या एका झटक्यात डायोड, रेग्युलेटर किंवा इंजिनचा कॉम्प्युटर उडू शकतो. शिवाय गाडी चालू राहिली म्हणजे अल्टरनेटर पूर्ण भरतो असंही ठरत नाही. कुणी तुमच्या गाडीला असं करायला लागला तर हात धरा. मीटर नसलेल्या इलेक्ट्रिशियनकडे गाडी ठेवूच नका, मग तो तुमच्या काकांच्या ओळखीचा का असेना.

६. जुनी गाडी बघायला चाललो. विकणारा म्हणतो ‘बॅटरी एकदम नवीन टाकली आहे’. चांगलं आहे ना?

जुन्या गाडीत कोरी बॅटरी दिसली की मला आधी शंका येते. बॅटरी तिच्या वयानं गेली असेल आणि माणसानं प्रामाणिकपणे बदलली असेल, असंही होतं. पण अल्टरनेटर भरत नसेल तर गाडी विकण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच असतो. नवी भरलेली बॅटरी टाका, गिऱ्हाईक दहा मिनिटं मनीषनगरात चक्कर मारेल, काही कळणार नाही. तीन दिवसांनी ती त्याच्या दारात उभी. मीही एकदा असाच फसलो आहे. स्वतःसाठी गाडी घेत होतो, बॅटरीवर प्लॅस्टिकचं आवरणसुद्धा तसंच होतं. घाईत मीटर डिक्कीतच राहिला. दुसऱ्या रात्री कामठी रोडवर हेडलाइट पिवळे पडले, तेव्हा आठवला.

म्हणून बॅटरीचं वॉरंटी कार्ड मागा आणि त्यावरची तारीख बघा. मागच्याच आठवड्यातली असेल तर विचारा, जुनी काहून गेली? उत्तर काय येतं त्यापेक्षा किती पटकन येतं ते बघा.

मग क्रम असा. ‘येण्याआधी गाडी सुरू करू नका’ हे फोनवरच सांगून ठेवायचं. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर तिला आधीच चालवून ठेवलंय, दुसऱ्या दिवशी या. थंड असेल तर प्रश्न २ मधले तिन्ही आकडे घ्या आणि चावी ऑनवर दिवा लागतो का बघा. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवा, एसी आणि हेडलाइट लावून, शक्यतो सीताबर्डीच्या गर्दीतून, म्हणजे इंजिन तापेल. परत येऊन गरम गाडीत पुन्हा मोजा. थंड असताना १४.३ आणि गरम झाल्यावर १२.९, असे अल्टरनेटर मी बरेच पाहिलेत. पहिल्या मोजणीवर ते पास होतात.

एवढं करू न देणाऱ्याची गाडी घेऊ नका. आकडे वाईट आले म्हणून मात्र चांगली गाडी सोडू नका. अल्टरनेटर दुरुस्त होतो. खर्च किमतीतून कापून घ्या (प्रश्न १३).

७. नवीन बॅटरी टाकली, तरी तीन दिवस उभी राहिली की उतरते. चालू असताना मात्र १४.२ दाखवते. मग?

भरणं ठीक, गळती आहे. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडा करंट घेतात. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर चालतं. ३०० मिलीअँपिअर जात असेल तर दिवसाला सात अँपिअर-अवर (बॅटरीतला माल मोजायचं माप) होतात. लहान गाडीच्या ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून तीन दिवसांत निम्म्याहून जास्त माल गेला.

जुन्या गाडीत पहिला संशय बाहेरून जोडलेल्या वस्तूंवर: स्टिरिओचा अँप्लिफायर, डॅशकॅम, आधीच्या मालकानं किंवा फायनान्सवाल्यानं बसवलेला जीपीएस ट्रॅकर. तो ट्रॅकर डॅशबोर्डच्या पोटात असतो, नव्या मालकाला पत्ताही नसतो.

दुसरा संशय अल्टरनेटरवरच. डायोड अर्धवट शॉर्ट झाला की दिवसा तो भरतो आणि रात्री त्याच वाटेनं बॅटरी रिकामी करतो. पकडायचं कसं? बॅटरीची मायनस वायर काढा आणि ती वायर व बॅटरीचं मायनस यांच्या मधोमध मीटर जोडा, १० अँपिअरच्या रेंजवर. दारं बंद करून अर्धा तास थांबा, कॉम्प्युटर झोपू द्या, मग आकडा लिहा. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आता मीटर काढा, मायनस मोकळीच ठेवा, अल्टरनेटरच्या मागची जाड वायर सोडा आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळा. मीटर परत जोडून मोजा. गळती एकदम खाली आली तर चोर सापडला.

८. डायोड गेला की नाही हे मल्टीमीटरवर वेगळं कळतं का?

कळतं. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, मीटर एसी व्होल्टवर, टोकं बॅटरीवर. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर डायोड प्लेटवर शिक्का.

पण एक खोच आहे. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवून नुसत्या बॅटरीला लावले तरी २५-३० व्होल्ट दाखवतात. ते डीसीलाच एसी समजतात. म्हणून आधी इंजिन बंद ठेवून मोजा. शून्याजवळ आला तरच तो मीटर या कामाचा.

९. अल्टरनेटरच्या मागे मोजलं तर १४.३, बॅटरीवर मात्र १२.४. कोण खोटं बोलतंय?

दोघंही खरं बोलताहेत. मधला रस्ता तुटला आहे. अल्टरनेटरच्या जाड वायरवर मोठा मेन फ्यूज असतो. तो उडाला असेल, किंवा बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढला असेल. हेडलाइट, ब्लोअर सगळं लावून २००० आरपीएमवर मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर ठेवा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असेल तर वायर ठीक. मग तसंच अल्टरनेटरचं धातूचं अंग आणि बॅटरीचं मायनस. तिथे जास्त आला तर अर्थची पट्टी, म्हणजे इंजिनला बॅटरीच्या मायनसशी जोडणारी, गंजली आहे. खात्री करायला जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करायची जाड वायर) इंजिनच्या ब्लॉकपासून मायनसपर्यंत तात्पुरती लावा. आकडे सुधारले तर अल्टरनेटरला हात लावायचं काम नाही. त्या जाड बोल्टवर गाडी बंद असतानाही करंट असतो. पाना लावण्याआधी बॅटरीचं मायनस काढायचंच.

१०. आमचा मीटर १५.२ दाखवतो. जास्त भरतोय म्हणजे चांगलंच ना?

नाही. १४.८ च्या वर सतत राहिला की बॅटरीचं पाणी उकळतं, सडक्या अंड्याचा वास येतो, बल्ब वरचेवर उडतात. रेग्युलेटर अडकलेला असतो, किंवा त्याला बॅटरीचं व्होल्टेज कळवणारी बारीक वायर सुटलेली असते. आधी ती वायर बघा. अशी गाडी दामटवू नका, कॉम्प्युटर जाईल. बॅटरीजवळ विडी-काडी अजिबात नको, वर हायड्रोजन असतो.

११. सकाळी १४.३, मे महिन्यात भर दुपारी १३.६. उन्हाळ्यानं अल्टरनेटर खराब होतो का?

नवतप्यात (मे अखेरचे तापलेले नऊ दिवस) इथे पारा ४५ च्या वर जातो, बॉनेटखालचं तर विचारूच नका. बहुतेक रेग्युलेटर उष्णता वाढली की मुद्दाम व्होल्टेज थोडं कमी करतात, म्हणजे गरम बॅटरी उकळू नये. त्यामुळे दुपारचा १३.६ हा बिघाड नाही. तापलेली कॉइलही करंट थोडा कमी देते. १३ च्या खाली गेला तर मात्र आतलं काहीतरी गरम होऊन साथ सोडतंय. ते बहुधा डायोड किंवा झिजलेले कार्बन असतात.

आणखी एक, जे नागपुरात फार घडतं. बॅटरीला मारतो मे महिना आणि ती मरते डिसेंबरात. उन्हाळ्यात आतल्या प्लेटा झिजतात, पण गरम इंजिन हलकं फिरतं म्हणून कळत नाही. पहाटे पारा दहाच्या खाली आला की तीच बॅटरी हात वर करते आणि लोक थंडीला दोष देतात. म्हणून पावसाळा संपल्यावर एकदा तिन्ही आकडे घेऊन ठेवावेत.

१२. रस्त्यात लाल दिवा लागला. किती दूर जाता येईल?

आधी तापमानाचा काटा बघा. पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो. बेल्ट तुटला असेल तर दिवा आणि काटा दोन्ही चढतात आणि मग एक किलोमीटरही नको. बाजूला घ्या, इंजिन बंद. नाहीतर हेड गॅस्केटचा खर्च अल्टरनेटरला लाजवेल. स्टिअरिंग जड लागलं तरी हेच समजा. ब्रेकचा पेडल दगडासारखा झाला असेल तर प्रश्न १४.

बेल्ट जागेवर आहे, काटा ठीक आहे, मग हिशेब बॅटरीचा. पेट्रोल गाडी नुसती चालायला साधारण ८-१० अँपिअर खाते, हेडलाइट आणखी तेवढेच, एसीचा पंखा, क्लच आणि ब्लोअर मिळून त्याहून जास्त. चांगली ३५ अँपिअर-अवरची बॅटरी (पूर्ण रिकामी होण्याआधीच इंजिन अडखळतं, हे धरून) दिवसा, सगळं बंद करून, तास-सव्वा तास ओढते. रात्री एसी लावून वीस-तीस मिनिटांत खेळ आटोपू शकतो. बुटीबोरीला दिवा लागला तर दिवसा एसी, गाणी, चार्जर बंद करून नागपूर गाठता येईल. वर्ध्याहून निघताना लागला तर मी निघणार नाही. वाटेत इंजिन बंद करू नका, पुन्हा सेल्फ मारायला बॅटरीत जीव उरणार नाही. समृद्धीवर असाल तर पुढच्या एक्झिटला उतरा. हेडलाइट पिवळे पडेपर्यंत थांबू नका, त्या रस्त्यावर अंधारी बंद गाडी म्हणजे जिवाशी खेळ.

धक्का स्टार्टवर विसंबू नका. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर पंपच फिरत नाही, पोट्ट्यांनी कितीही ढकललं तरी. ऑटोमॅटिकला तर तो प्रश्नच नाही. जंप केबलनं सुरू होईल, पण केबल काढल्यावर काही मिनिटांत पुन्हा बसली तर अल्टरनेटरचंच दुखणं.

१३. कार्बन बदलू, रिकंडिशन (दुरुस्त करून विकलेला जुना) घेऊ, की नवीन?

काय गेलंय त्यावर. कार्बन किंवा बेअरिंग असेल तर दुरुस्त करा, सुट्या भागाचा खर्च शेकड्यांत असतो. कार्बन बदलताना ते ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्या बघायला सांगा. त्यांत खोल चर पडले असतील तर नवे कार्बन लवकर संपतील. डायोड प्लेट, रेग्युलेटर मिळत असेल तर तेही बदलण्यासारखं. स्टेटर जळला असेल, म्हणजे वार्निश जळल्याचा उग्र वास आणि काळी पडलेली कॉइल, तर रिवाइंडिंग चांगल्या हाताचं असेल तरच. नागपूरजवळच्या वाडी गावाकडे ट्रकची कामं करणारे काही मिस्त्री हे सुंदर करतात, पण लहान गाडीच्या बारीक गुंडाळीला सगळेच हात बसत नाहीत.

भंगारातला ‘चालू माल’ घ्यायचा असेल तर गाडीवर लावून, गरम करून, मोजूनच पैसे द्या. आणि त्यावर लिहिलेले अँपिअर आपल्याच्या इतके आहेत का बघा. एसीची गाडी आणि बिनएसीचा अल्टरनेटर, दिसायला एक, कामाला अर्धा.

१४. दिवा लागला आणि ब्रेकही कडक झाला. संबंध आहे का?

जुन्या इंडिका, सुमो, बोलेरोसारख्या डिझेल गाड्यांत आहे. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम पंप त्यांत अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. बेल्ट तुटला की चार्जिंगही गेलं आणि ब्रेकची मदतही. ब्रेक पूर्ण जात नाही, पण पेडलवर दोन्ही पायांचं बळ लागतं. गाडी तिथेच थांबवा.

याच गाड्यांत दुसरा घोटाळा: पंपाला इंजिन ऑइल जातं. सील गळलं की ते ऑइल अल्टरनेटरच्या पोटात, कार्बनवर. मालक सहा-सहा महिन्यांनी कार्बन बदलत बसतो. अल्टरनेटर ऑइलनं माखलेला दिसला तर आधी सील आणि पाइप, मग कार्बन.

१५. माझी सियाझ स्मार्ट हायब्रिड आहे. चालू असताना कधी १२.६, कधी १४.५. अल्टरनेटर गेला का?

बहुधा नाही. मारुतीनं २०१५ मध्ये सियाझमध्ये एसएचव्हीएस (हेच ते स्मार्ट हायब्रिड) आणलं. त्यात अल्टरनेटर आणि सेल्फ यांचं काम करणारं एकच यंत्र आहे आणि किती भरायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. इंधन वाचवायला तो सरळ रस्त्यावर चार्जिंग ढिलं सोडतो आणि पाय काढला की भरून घेतो. लायटरच्या सॉकेटमध्ये लागणारा छोटा व्होल्टमीटर लावा आणि उतारावर गिअरमध्ये पाय काढा. आकडा टुणकन वर गेला तर यंत्र जिवंत. कॉम्प्युटरच्या ताब्यातला अल्टरनेटर इतर बऱ्याच नव्या गाड्यांतही असतो, म्हणून प्रश्न २ मधल्या एकाच मोजणीवर निकाल देऊ नका. सिग्नलवर आपोआप बंद होणारी गाडी तसं करायची थांबली, तर संशय आधी बॅटरीवर घ्या.

इलेक्ट्रिक आणि इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडसारख्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांत अल्टरनेटर नसतोच. तिथे मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टर छोटी बॅटरी भरतो. तुमच्या हायब्रिड हायक्रॉसचा ‘अल्टरनेटर’ बदलायला निघालेल्याला दुरूनच नमस्कार करा.

१६. गाडी पुरातली आहे हे अल्टरनेटरवरून कळतं का?

बऱ्याचदा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि उभ्या गाड्या बुडाल्या. अल्टरनेटर बऱ्याच गाड्यांत इंजिनच्या खालच्या अंगाला असतो, आणि त्याच्या जाळीच्या फटी साफ करायचं पॉलिशवाल्याला सुचत नाही. टॉर्च मारा. फटींत वाळलेला चिखल, आतल्या लोखंडावर तांबूस गंज आणि बेअरिंगची घरघर एकत्र दिसली, तर सीटखालचं कार्पेट उचलून वास घ्या. अशा गाडीत अल्टरनेटर ही सगळ्यात छोटी काळजी. खरं दुखणं वायरिंगमध्ये असतं आणि ते दोन पावसाळ्यांनी बाहेर येतं.

१७. नवा अल्टरनेटर बसवला, तरी दिवा जाऊन नाही राहिला. आता काय?

पहिलं, बॅटरी कशी होती? पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच ठेवून नवा अल्टरनेटर लावला की तो तासन्‌तास पूर्ण ताकदीनं भरत बसतो आणि जळू शकतो. आधी चार्जरवर भरून घ्यायची. दुसरं, मेन फ्यूज आणि अर्थ, प्रश्न ९. तिसरं, मागच्या छोट्या सॉकेटची पिन वाकली आहे का आणि दिव्याची वायर नीट बसली आहे का. चौथं, काही डिझेल गाड्यांत पुली एकाच दिशेला पकडते. ती दोन्हीकडे मोकळी फिरायला लागली तर बेल्ट पळतो, अल्टरनेटर नाही.

यातलं काही सापडलं नाही तर एक जुनी युक्ती. इंजिन चालू असताना स्क्रूड्रायव्हरचं लोखंडी टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ, बेल्टपासून लांब, हळूच न्या. चुंबकासारखं ओढलं गेलं तर रोटरला करंट पोचतोय, बिघाड पुढे डायोड किंवा स्टेटरमध्ये. ओढच नसेल तर करंटच पोचत नाही. मग कार्बन, रेग्युलेटर आणि प्रश्न ३ मधला तो बल्ब. नवा अल्टरनेटर डब्यातूनच खराब निघणंही मी दोनदा पाहिलंय. बिल आणि वॉरंटी कार्ड डिक्कीत न ठेवता घरी ठेवा.